सासऱ्यांची शाल, दामूच्या पाठीवर

माझ्या सासऱ्यांची शाल मी एका गाढवाच्या पाठीवर बांधली, ही गोष्ट खरी आहे. आमच्या नातेवाइकांत ती ज्या सुरात सांगितली जाते, तो सूर तेवढा मला मान्य नाही. "आमच्या मेधाला माणसं आणि जनावरं यांत फरकच करता येत नाही," असं माझी नणंद चारचौघांत सांगते (आणि माझ्याकडे बघत माझ्याच डब्यातली चकली घेते). म्हणून एकदाचं काय झालं ते मीच सांगून टाकते.

हडपसरच्या पुढे, वस्ती जरा विरळ होते तिथे, वत्सलाताईंनी आपल्या शेतात टाकून दिलेल्या जनावरांसाठी निवारा केला आहे. वीटभट्टीवरून सुटलेली गाढवं, एक आंधळा बैल, शेळ्या, आणि कुत्रे किती ते कुत्र्यांनाच ठाऊक. दर रविवारी मी कर्वेनगरहून तिकडे जाते. लोक त्याला सेवा वगैरे म्हणतात. खरं तर मी शेण भरते. तिथे प्रत्येक ऋतूचं काम ठरलेलं. उन्हाळ्यात पत्र्यावर ओली पोती टाकायची, पावसाळ्याआधी ताडपत्र्या बांधून खुरं कापून घ्यायची, आणि थंडी पडायला लागली की म्हाताऱ्या जनावरांसाठी झुली शिवायच्या. आत गोणपाट, वर काहीतरी उबदार, पोटाखालून दोन बंद.

त्या वर्षी भट्टीवरून दामू नावाचं गाढव आलं. ओझ्याने पाठ सोलवटलेली. जखमा भरल्या होत्या, पण केस काही उगवले नव्हते. कुडकुडत नुसता उभा राहायचा. बसायचा नाही, खायचा नाही, कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"असंच ऱ्हायलं तर ह्या थंडीत काय टिकत न्हाई ते," वत्सलाताई म्हणाल्या. "गरम कापडं हायत का कुणाकडं?"

प्रश्न अगदी योग्य बाईला विचारला होता. माझे सासरे निवृत्त मुख्याध्यापक. पुण्यात माइकसमोर दहा मिनिटं उभं राहिलं की अंगावर शाल पडते, आणि बाबा दहा मिनिटांत कधीच थांबलेले नाहीत. वाचनालयाचा वर्धापनदिन, सोसायटीचा गणपती, कुणाची एकसष्टी. सत्काराच्या नारळांची चटणी तरी होते. शालींचं काय करायचं? त्या वर्षानुवर्षं आमच्या माळ्यावर साठत होत्या.

"बाबा, तुमच्या शाली निवाऱ्याला नेऊ का?" मी विचारलं.

"माळ्यावरच्या सगळ्या ने," बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "भाषणांनी कुणाला ऊब मिळाली नाही, शालींनी तरी मिळू दे."

आता माळा रिकामा झाल्यावर शहाण्या बाईने थांबावं की नाही? पण मी हातात घेतलेलं काम अर्धवट सोडत नाही (हा दुर्गुण आहे, हे उशिरा कळलं). मी बाबांचं कपाटही उघडलं. खालच्या खणात, डांबरगोळ्यांत, एक तपकिरी शाल होती. जाडजूड, साधी, एका कोपऱ्यात विरलेली. असलं जुनेर कशाला जपायचं, असं म्हणून तीही मी पिशवीत कोंबली.

सगळ्यांत जाड तीच, म्हणून तिची झूल दामूला. ती त्याच्या पाठीवर चढवायला आम्ही चौघीजणी लागलो आणि एकीला लाथ बसली (मलाच). पण बंद बांधल्यावर तो जरा वेळ तसाच उभा राहिला, मग हळूच पाय दुमडून खाली बसला आणि पुढ्यातला कडबा खायला लागला. वत्सलाताईंनी डोळ्याला पदर लावला. मीही रडले. घरी येताना मी स्वतःवर इतकी खूश होते की रिक्षावाल्यालाही सगळी हकीकत ऐकवली.

बुधवारी सकाळी बाबांनी हाक मारली. "मेधा, खालच्या खणातली शाल कुठाय?"

"धुवायला दिलीय," मी म्हणाले. शुद्ध थाप.

"कुठे?"

"बिबवेवाडीला." (बिबवेवाडीच का, ते मला आजही सांगता येणार नाही.)

"अस्सं. कर्वेनगरात पाणी येत नाही वाटतं," असं म्हणून बाबा स्वेटर घालून गॅलरीत जाऊन बसले.

स्वयंपाकघरात मी माझ्या नवऱ्याला, संजयला, गाठलं. त्याने हातातला कप खाली ठेवला.

"तपकिरी? अगं, ती आईने बाबांना घातलेली आहे! आपल्या लग्नाआधी बाबा रिटायर झाले, तेव्हा संस्थेशी त्यांचं वाजलं होतं. निरोप समारंभ नाही, काही नाही. रिकाम्या हातांनी घरी आले. आईने त्यांना उंबऱ्यातच थांबवलं, ती शाल खांद्यावर घातली, नारळ दिला आणि आम्हा भावंडांना टाळ्या वाजवायला लावल्या. आई गेल्यापासून दर लग्नाच्या वाढदिवसाला ते ती अंगावर घेऊन चहा पितात."

"कधी असतो वाढदिवस?"

"या सोमवारी."

मी बोटांवर दिवस मोजले. लग्नाला बावीस वर्षं झाली आणि घरातली एवढी गोष्ट मला माहीत नव्हती, याची लाज निराळीच. काहीही करून रविवारी ती शाल परत आणायची आणि दामूला दुसरं काहीतरी घालायचं, असं आम्ही ठरवलं.

रविवारी गुपचूप खाली उतरलो, तर गाडीत बाबा आधीच बसलेले.

"बिबवेवाडीला निघालात ना? चला. एवढी नावाजलेली लाँड्री, बघून तरी येऊ."

संजयने माझ्याकडे पाहिलं, मी संजयकडे पाहिलं, आणि गाडी निमूटपणे निघाली. हडपसर मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "बिबवेवाडी बरीच पुढे सरकली की."

निवाऱ्यात पोचताच संजयने ठरल्याप्रमाणे बाबांना शेळ्यांकडे वळवलं. सगळ्या शेळ्या जरीकाठी शालींत. बाबा त्यांना एकेक करून ओळखू लागले. "ही वाचनालयाची. ही कुलकर्ण्यांच्या एकसष्टीची." एक शेळी आपल्या शालीचा काठ चघळत होती. "आणि हिच्या अंगावर माझं मराठी भाषेवरचं व्याख्यान आहे. चला, कुणाच्या तरी पचनी पडलं."

तेवढ्यात मी दामूकडे धावले. पोटाखालची गाठ दवाने भिजून दगड झाली होती. मी मनगटाला बंद गुंडाळून ओढायला लागले, आणि दामूचा समज झाला की याही घरातून त्याची पाठवणी आहे. तो उठला आणि सुटला. मनगट बंदात अडकलेलं, त्यामुळे मीही सुटले! आंधळ्या बैलाला एक फेरी, पाण्याच्या टाकीला एक फेरी, आणि मग थेट शेळ्यांसमोरून, म्हणजेच बाबांसमोरून.

"मेधा, सावकाश," बाबा म्हणाले.

शेवटी बंद तुटला आणि मी शेणाच्या ढिगात बसले. दामू कोपऱ्यात जाऊन थरथरत उभा राहिला. त्याच्या पाठीवर आईंची शाल होती आणि बाबा तिच्याकडे बघत होते.

मी तिथूनच सगळं कबूल केलं. बिबवेवाडीसकट. "चुकले, बाबा. मी विचारायला हवं होतं."

"काडून देते मी, सर," वत्सलाताई म्हणाल्या. "पर ते तिच्याबिगर बसत न्हाई, का खात न्हाई."

बाबा दामूकडे गेले. जो कुणाला हात लावू देत नव्हता, तो त्यांच्यापुढे जागचा हलला नाही. बाबांनी घसरलेली शाल नीट सारखी केली, विरलेल्या कोपऱ्यावरून दोनदा हात फिरवला.

"राहू द्या त्याच्याकडे," ते म्हणाले. "हिची सवयच होती. माणूस रिकाम्या हातांनी आला, की आधी त्याच्या अंगावर काहीतरी घालायचं, मग चौकशी. बरोबर ठिकाणी गेलीय शाल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या हातून गेली, तेही बरंच झालं. माझ्याच्याने दिली गेली नसती."

शेणात बसून सासऱ्यांसमोर हमसून रडायला काय वाटतं, ते मी सांगू शकते: फार बरं वाटतं. रागावायचा पूर्ण अधिकार असताना हा माणूस रागावला नाही, याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या वाढदिवसाचा चहा बाबांनी निवाऱ्यातच घेतला, दामूशेजारी बाजेवर बसून. शाल झाली, पण नारळाशिवाय सत्कार पुरा होत नाही म्हणाले. दामू नारळ खात नाही, म्हणून गाजर दिलं. मग वीस मिनिटं भाषण केलं. एकही श्रोता उठून गेला नाही (बहुतेक बांधलेले होते). तेव्हापासून ते दर रविवारी येतात, आणि झुलींचं खातं त्यांच्याकडे आहे: नव्या झुलीसाठी कुणाचा नंबर कितवा, ते वहीत लिहून ठेवतात.

परवा मी हिंमत करून म्हटलं, "बाबा, बावीस वर्षं घर सांभाळतेय. माझाही एखादा सत्कार करा की."

बाबांनी चष्मा लावला, वही उघडली आणि म्हणाले, "करू ना. तुझ्या आधी चार शेळ्या आहेत."