आमच्या लॅबचे नॉर्मल साहेब

नाशिक रोडच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये नवीन तपासणी सुरू करायची असली, की आधी एखाद्या धडधाकट माणसाचं रक्त लावून बघायची पद्धत होती. तो धडधाकट माणूस म्हणजे माझा नवरा. सायकलने ड्युटीला जाणारा, रोज सकाळी पांडवलेणी चढणारा, देवळ्याला माझ्या माहेरी पुरणपोळीवर तूप वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरणारा. कोलेस्टेरॉल इतकं छान, की हे स्वतःचे रिपोर्ट पाहुण्यांना दाखवायचे. लॅबमधल्या पोरी त्यांना ‘नॉर्मल साहेब’ म्हणायच्या आणि हे चक्क खूश व्हायचे.

दोन हजार सालानंतर कधीतरी आमच्याकडे सीआरपीची तपासणी आली. अंगात कुठे सूज, दाह असला की रक्तात वाढणारं हे प्रथिन. हृदयाच्या धोक्याचाही त्यावरून अंदाज येतो, असं आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. नेहमीप्रमाणे यांचं रक्त लावलं. आकडा भलताच वर. मी मशीनच्या नावाने खडे फोडले. पुन्हा लावलं, तेच. मग माझं लावलं, तर ते ठीक. दोन जिने चढून धापा टाकणारी मी, आणि माझं ठीक.

मॅडमनी यांना सर्दी-ताप, दाढदुखी, सगळं विचारलं. काहीच नव्हतं. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं, आकडा हलला नव्हता. तेव्हा कुठे हे म्हणाले, “हल्ली पायऱ्या चढताना मधेच छाती भरून येते. थांबलं की जातं.”

“आणि हे मला आत्ता सांगताय?” माझा आवाज बाहेर बसलेल्या पेशंटांपर्यंत गेला.

“कोलेस्टेरॉल चांगलं आहे ना. म्हटलं, वय झालं.”

मॅडमनी त्याच दिवशी हार्टच्या डॉक्टरांकडे पाठवलं. अँजिओग्राफीनंतर त्यांनी मला फिल्म दाखवली. मुख्य धमनीत रक्ताला दोऱ्याएवढी वाट उरली होती. जन्मभर लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट लिहिणारी मी, एका चांगल्या रिपोर्टवर इतकी वर्षं निर्धास्त झोपले होते.

बायपासला आत नेताना यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. वाटलं, मुलांचं काही सांगतील.

“अगं, आता लॅबमध्ये नॉर्मल म्हणून कोणाला धरणार?”

मला हसू आलं नाही. “तुम्हालाच,” मी म्हटलं. “गुपचूप परत या.”

आले परत. पण अजूनही हे जिना चढायला लागले, की मी हातातलं काम टाकून शेवटच्या पायरीपर्यंत बघत उभी राहते.