बाबांच्या खिशातला घडीचा चाकू

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. सांगायची वेळ आली नाही असंही नाही. वेळा पुष्कळ आल्या, आणि प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोलले. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा कदाचित जमेल. बघू.

गोष्ट एका चाकूची आहे. घाबरू नका, रक्तबिक्त काही नाही. खिशात मावणारा, घडी होणारा साधा चाकू. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा.

मी स्वभावानं कोरडी आहे. एका दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा लावून देण्याचं काम करते. दहाचा पेशंट दहाला खुर्चीत दिसला पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा दिवस घसरतो. घरीही मी तशीच. गॅसवर काय, मशीनमध्ये काय, कोण किती वाजता बाहेर पडणार, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. लोक कौतुक करतात. मलाही ते आवडायचं — का खोटं बोलू?

आमचे बाबा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. त्या काळी पेन्सिलीला टोक चाकूनं करत, त्या सवयीनं तो चाकू त्यांच्या खिशात आला आणि निवृत्तीनंतरही तिथंच राहिला. शिसवी मूठ, पितळी खिळे, धार लावून लावून अर्धं झालेलं पातं. सकाळी आंघोळ झाली की रुमाल, पाकीट, चाकू, मग चष्मा. कुरिअरची खोकी तोच फोडायचा, दुधाच्या पिशव्याही तोच. आम्ही बौद्ध, रविवारी विहारात जातो. वंदना झाली की बाबा पायरीवर बसून पेरू कापायचे आणि पोरं भोवती जमायची. फोडी अशा सारख्या, की कुणाला कमी मिळाली म्हणून भांडण नाही. पेरू बाबांच्या हातचाच हवा, असं पोरांचं म्हणणं. पेरू तोच हो, पण खरंच वेगळा लागायचा.

मग मेट्रो आली.

पहिल्यांदा बाबांना घेऊन गेले, तेव्हा तपासणीच्या दारात त्यांच्या खिशातला चाकू वाजला. गार्ड म्हणाला, "आजोबा, हे काय?"

"फळं कापायचं हत्यार आहे," बाबा म्हणाले.

हत्यार! दुसरा कुठलाही शब्द चालला असता. दोन गार्ड आणखी आले. मागं रांग. बाबांनी पात्याची लांबी, मुठीचं लाकूड, पेरू, सगळं समजावून सांगितलं. गार्ड सभ्य होता, पण नियम तो नियम. शेवटी "चाकू टाकून मी जायचा नाही" म्हणत बाबा मागं फिरले आणि बसनं गेले. मीही बसनं गेले. दवाखान्यात उशिरा पोचले. डॉक्टरांनी नुसतं घड्याळाकडं बघितलं. मला ते बोलण्याहून जास्त लागलं.

म्हणून — हे 'म्हणून' मी वर्षानुवर्षं वापरत आले आहे — म्हणून पुढच्या खेपेला मी एक सोपी गोष्ट केली. बाबांच्या आजारी बहिणीला बघायला चिंचवडला जायचं होतं. मी अर्धी रजा टाकलेली. बाबा आंघोळीला गेले, पँट खुर्चीवर होती. मी खिशातला चाकू काढला आणि स्वयंपाकघरात रवा-मैद्याच्या डब्यांमागं ठेवला. संध्याकाळी परत खिशात घालू. त्यांना कळणारही नाही.

मला ठाऊक होतं का, की कपडे चढवल्यावर ते खिसा चाचपतात? ठाऊक होतं. मग त्या सकाळी मीच "चला, चला, उशीर होतोय" असा धोशा लावला, तो का? तुम्हीच समजा.

स्टेशनवर मी बायकांच्या रांगेतून पलीकडं गेले आणि वळून बघितलं. बाबा गार्डसमोर उभे होते. वाद घालायची तयारी करून आले होते — आधीच हात वर करून म्हणाले, "थांबा, मीच दाखवतो." खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग शर्टाच्या. गार्ड म्हणाला, "जा आजोबा, काही नाहीये." आणि बाबा तिथंच उभे. त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मला लिहिता येत नाही.

तेव्हाच सांगायचं होतं. "बाबा, मी काढून ठेवलाय, घरी आहे." एवढंच वाक्य. ते चिडले असते, मला न विचारता हात कसा लावलास म्हणाले असते, आणि बरोबर म्हणाले असते. गार्डसमोर, लोकांसमोर मला ते ऐकून घ्यायचं नव्हतं. मी म्हणाले, "घरी राहिला असेल. गाडी येतेय."

घरी आल्यावर त्यांनी सगळं घर उलटंपालटं केलं. सोफ्याच्या खाचा, गादीखाली, बुटांत. मी मनात ठरवलं होतं, सोफ्याच्या खाचेत टाकू आणि सापडला म्हणू. पण ती खाच त्यांनी माझ्याआधीच दोनदा बघितली. आता तिथं सापडणार कसा? माझा नवरा अविनाश पेपर वाचता वाचता म्हणाला, "बाबा, होतं असं. वय झालं आता." बाबांनी बूट पुन्हा उलटे करून झटकले. आणि मी — मी पोळ्या लाटत होते.

चाकू कुणाला दिसू नये म्हणून मी तो पर्समध्ये टाकला. तो पर्समध्येच राहिला.

काही दिवसांनी बाबा म्हणाले, "मंगल, एक नवा घेऊ. साधाच." बुधवार पेठेतून पुढं लोखंडी सामानाच्या दुकानांपर्यंत आम्ही दोघं गेलो. रिक्षानं. दुकानदारानं काचेवर ढीग ओतला. काळे, दात्यांचे, लष्करी रंगाचे. एक उचलून म्हणाला, "हा घ्या, कमांडो वापरतात."

"आम्हाला पेरू कापायचाय."

"मग पेरूला काय कळतंय, कुठलाही घ्या."

बाबा हसले. कितीतरी दिवसांनी. मग त्यांनी एकेक चाकू हातात घेतला. चाकू कसा निवडायचा, ते मी त्या दिवशी शिकले. आधी नुसत्या अंगठ्याच्या नखानं उघडायचा. नख दुखलं तर बाजूला. उघडल्यावर पातं चिमटीत धरून डावीउजवीकडं हलवायचं. कटकटलं तर खिळा सैल. मग तो पक्का अडकतो का बघायचं, बोटावर मिटणारा चाकू फुकट मिळाला तरी नको. मिटल्यावर पातं मुठीच्या बरोबर मध्ये बसतं ना, बाजूला घासत नाही ना. "एकदम चकचकीत नको," ते मला सांगत होते, "त्याला घरी धार लागत नाही. आणि महाग तर नकोच. महाग चाकू माणूस कपाटात ठेवतो." दुकानदाराकडचा जुना पेपर मागून त्यांनी त्याची कड कापून बघितली.

दुकानदार म्हणाला, "काका, तुम्हाला चाकू नकोय, सून बघायला आलाय तुम्ही."

"सून आहे की बरोबर," बाबा म्हणाले. "तीही अशीच निवडली होती. सरळ पात्याची."

मी काचेवर पर्स टेकवून उभी होते. आत तो होता.

"जुना कसा होता?" दुकानदारानं विचारलं. आणि बाबांनी सांगितलं. मुठीवर अंगठा बसायचा तिथं पडलेला खळगा. मिटताना होणारा आवाज. टोकाजवळची बारीकशी खाच — एकदा टिनाचा डबा उघडताना पडलेली. काही म्हणता काही विसरले नव्हते. मी ऐकत होते. अजूनही वेळ होती. पर्स उघडायची होती फक्त.

शेवटी एक साधा, लाकडी मुठीचा, स्वस्त चाकू ठरला. दुकानदारानं तो मिटून काचेवर ठेवला. "हातात देत नाही काका, भांडण होतं म्हणतात."

"आम्ही असलं काही मानत नाही. द्या हातात."

त्यांनी तो घेतला, एकदा उघडला, मिटवला. वाटलं, आता खिशात घालतील. पण त्यांनी माझा हात ओढला, तळव्यावर चाकू ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली. "तुझ्याकडं राहू दे. माझ्याजवळ नको. मी हरवीन. लागला की मागेन."

सगळे माझं कौतुक करायचे ना, वेळेवर, नेटकी, विश्वासाची! मी म्हणाले, "बरं." पर्स उघडली आणि दुसरा चाकू पहिल्याशेजारी ठेवला.

नवा चाकू त्यांनी कधीच मागितला नाही.

पुढचं भराभर झालं. त्यांनी घराची किल्ली माझ्याकडं दिली — "मी कुठंतरी ठेवीन." स्वारगेटवरून बस धरून मांजरी गावाला त्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडं जायचे, उसाच्या कडेनं फिरायचे, ते बंद केलं — "उतरायचं विसरलो तर?" विहारात आता दुसरं कुणी पेरू कापायचं, घरून आणलेल्या सुरीनं. बाबा पायरीवर हात मांडीवर ठेवून बसायचे. आणि मी त्यांच्याच शेजारी बसून दर रविवारी पंचशील म्हणत होते. न दिलेलं घेणार नाही. खोटं बोलणार नाही. आवाज न चाचरता.

आणखी एक सांगते, कारण तेही खरं आहे. घर सुरळीत चाललं होतं. कोणी अडून बसत नव्हतं, कशाला उशीर होत नव्हता. मला ते बरं वाटत होतं.

पण अजून मुख्य गोष्ट आलेली नाही. मी तिच्याभोवतीच फिरते आहे.

अविनाशनं त्यांना डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलं. स्मरणशक्तीचे डॉक्टर. मी सोबत गेले. डॉक्टरांनी वार विचारला, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. बाबांनी घड्याळ असं काढलं की डॉक्टर बघत राहिले. जन्मभर नकाशेच काढले होते. मग डॉक्टर म्हणाले, "केव्हापासून जाणवायला लागलं?"

बाबा म्हणाले, "चाकू हरवला तेव्हापासून. रोज खिशात असायचा. कुठं टाकला, काहीच आठवत नाही. साफ कोरं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "बरोबर?"

मी म्हणाले, "हो."

हेच ते. चाकू काढला ती घाई होती, दुकानात गप्प राहिले तो भित्रेपणा. पण हा शब्द मी, डॉक्टरांनी विचारल्यावर, समोर बघून, स्पष्ट उच्चारला. त्यांना न आठवणारी गोष्ट घडलेलीच नव्हती, आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. एक गोळी सुरू झाली. तिनं त्यांना दुपारभर गरगरायचं. मी ती वेळेवर देत होते.

पुढं ते खरंच विसरू लागले होते का? असतील. म्हातारी माणसं विसरतात. पण विसरत होते, की आपण विसरतो असं धरून चालले होते, ते आता कळायचं नाही. ते कळण्याची वाट मीच बुजवली. दोन्ही चाकू माझ्या कपाटात आहेत. बाबा गेल्या वर्षी गेले. भेटायला आलेल्यांना अविनाश सांगत होता, "शेवटी शेवटी काही लक्षात राहायचं नाही त्यांच्या." मी चहा देत होते.

त्या शेवटच्या वर्षात त्यांनी एक सवय लावून घेतली होती. संध्याकाळी मी दवाखान्यातून आले, पाय धुतले, की ते हाक मारायचे. हजेरी द्यावी तसं, लाजत हसत विचारायचे, "मंगल, आज मी काय काय विसरलो?"

मी म्हणायची, "काही नाही, बाबा. काहीच विसरला नाहीत तुम्ही."

आणि ते माझ्या हातावर थोपटून म्हणायचे, "तू चांगली आहेस गं. माझं मन राखतेस."

मी त्यांना तसंच समजू दिलं.