चादरीतली दुपार

या, अशा जवळ बसा. अहो, चादरीवर पाय काय देताय? उचला आधी! तिच्यात आमच्या मास्तरांचा अख्खा उन्हाळा आहे.

कानामागची पेन्सिल काढून मास्तर म्हणायचे, "मोजून बोला, अक्का." अक्कलकोट रोडच्या कारखान्यात ते ग्राफच्या कागदावर चादरीचं डिझाइन काढायचे, आणि मी त्याबरहुकूम मागावर चढणाऱ्या पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भरलेला चौकोन म्हणजे भोक, भोक तिथं धागा वर. मोर, कमळ, पुन्हा मोर.

वारं शिरलं की सूत सुकून तुटतं, म्हणून खिडक्या बंद. वर पत्रा. एकदा मी म्हटलं, "लई उकडतंय की ओ मास्तर!"

"लई म्हंजे किती?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी खांबाला तापमापक टांगलं. दर तासाला बघायचं, वहीत लिहायचं. "मालक रडगाणं ऐकत न्हाईत, अक्का. आकडा ऐकतील."

मालकांनी आकडाही ऐकला नाही. "हवापाणी बघायला ठेवलंय व्हय तुमाला?" म्हणाले.

मग मास्तरांनी वहीच ग्राफवर उतरवली. एका तासाला एक पट्टी; पारा जितका वर, तितके लाल चौकोन. सकाळी बोटभर, दुपारी हातभर. चादर विणून मालकांपुढं अंथरली.

"वा मास्तर! ज्वाला काय काढल्यात!"

"ज्वाला न्हवं ती, मालक. आमची दुपार हाय. गरम हवा भायेर काढायला पंखे बसवा."

"बसवू की. आधी असल्याच आणखी विणा."

गिऱ्हाइकांना फार आवडली हो ती! मोर सुटला आणि आम्ही त्या दुपारीत अडकलो. कार्डांची माळ फिरून फिरून तिथंच यायची, आम्हीही. मास्तर हसायचे, "अक्का, आपला पिंजरा आपणच काढला, तोबी मापात." पण वही थांबवली नाही.

गेल्या वैशाखात ते तापमापकाखाली टेकले, ते उठलेच नाहीत. त्या तासाची पट्टी मी भरली. सगळ्यात उंच नव्हती, बरं का. रोजच्यासारखीच होती.

आता कार्डं गेली. तीच चादर कॉम्प्युटरवरून निघते. त्याला गरम सोसत नाही, म्हणून त्याच्या खोलीला एसी बसलाय. शेडला पंखे अजून नाहीत.

मी अजून तुटल्या धाग्यांना गाठी मारायला जाते. वही मीच लिहिते, पण डोळ्यांना पारा नीट दिसत नाही आता. तेव्हा पुन्हा या, लवकर. घरी नको, शेडवर या, दुपारचंच. तेवढा आकडा वाचून द्या मला.