पेपरला नसलेला शेवट

माझे वडील कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. व्हिक्टोरियन कविता हा त्यांचा हातखंडा विषय, आणि त्यातही शोधाला निघालेल्या सरदारांची कविता. आबा ती शिकवायला लागले की शेजारच्या वर्गातली कॉमर्सची मुलंसुद्धा दाराशी येऊन उभी राहायची, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. मी त्यांच्या वर्गात कधी बसलो नाही. मला ती कविता घरी, जेवताना मिळाली.

दलदलीपलीकडे पाण्यात बुडालेल्या एका देवळाची घंटा राजाच्या दरबारात ऐकू येते. सरदार उठतात, शपथ घेतात, घंटेच्या शोधात घोड्यांवर बसतात. राजा त्यांना अडवत नाही आणि ते मागं बघत नाहीत. इथं आबा आमटीची वाटी खाली ठेवायचे. "पराक्रम म्हणजे तलवार नव्हे रे. निघालेल्या माणसानं मान वळवायची नाही, हा पराक्रम."

"मग घंटा सापडते का?"

"पेपरला एवढंच आहे."

खरंच एवढंच होतं. विद्यापीठानं त्या दीर्घकाव्याचा पहिला भाग तेवढा लावला होता, आणि आबांनी सबंध नोकरीभर तेवढाच शिकवला.

मी जर्मनीला निघालो तेव्हा विमानतळावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लक्षात आहे ना?" होतं. मी मान वळवली नाही. आई त्यांच्या मागं उभी होती. त्या वेळचा तिचा चेहरा मी पाहिलेलाच नाही.

वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात मी सॉफ्टवेअरच्या कामाला लागलो. खिडकीतून धुराडी दिसायची. व्हिक्टोरियन कवीही कारखान्यांच्या धुरात बसूनच चिलखतातल्या सरदारांवर लिहायचे, असं आबा सांगत. त्यामुळे मला आपण योग्य ठिकाणी आलोय असं वाटे. दर रविवारी फोन. आई कुठाय विचारलं की आबा म्हणत, "पडलीय जरा. बरी आहे. तू तुझं काम बघ." परदेशातल्या मुलाला घरचं आजारपण कळवायचं नाही, ही आपल्याकडची रीतच. उगाच तिकडे जीव टांगणीला नको.

मला कळलं ते सगळं झाल्यावर. दिवससुद्धा उरकले होते. धाकटी बहीण फोनवर रडत म्हणाली, "आबांनी शपथ घातली होती, दादा."

त्याच हिवाळ्यात बर्लिनला जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला ते काव्य अख्खं मिळालं. परतीच्या गाडीत मी ते शेवटपर्यंत वाचलं. घंटा सापडत नाही. बरेचसे सरदार दलदलीतच राहतात. एकच जण परत येतो तेव्हा दरबार रिकामा असतो, चूल विझलेली असते, आणि म्हातारा द्वारपाल त्याला विचारतो, तू कोण?

घरी पोचल्याबरोबर मी फोन लावला. "तुम्हाला शेवट माहीत होता, आबा?"

"होता."

"मग सांगितला का नाहीत?"

"शेवट शिकवला तर जाईल कोण?"

माणूस आपल्याला कविता अर्धी देतो आणि आईची बातमीही अर्धी देतो. त्यानंतर कित्येक वर्षं मी त्यांच्याशी फक्त हवामानावर बोललो.

आमच्यातली ही कोंडी फोडली माझ्या मुलीनं. ती इथंच जन्मली, इथंच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. आबांशी मात्र मोडकंतोडकं मराठी. बारावीची तिची इथली परीक्षा, आबिटूर, या वर्षी होती. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेसाठी तिनं व्हिक्टोरियन काव्यातला पराक्रम हा विषय घेतला, आणि व्हिडिओ कॉलवर तिची आणि आबांची शाळा सुरू झाली.

"आबा, ह्या सरदारांच्या बायका कुठे आहेत कवितेत?"

"घोड्यांना चारा घालतायत."

"टिपिश!" म्हणजे, ठरलेलंच.

"टिपिश काय टिपिश? पुढं वाच. आणि इंग्रजी शब्दातला र जर्मनसारखा घशातून काढू नकोस, गुळण्या करतेयस असं वाटतं."

मी स्वयंपाकघरात कांदा चिरत ऐकायचो. मला त्यांनी असं हसून कधी शिकवलं नव्हतं. पहिला भाग संपला तेव्हा ते तिला म्हणाले, "शेवटचा भाग पुढच्या खेपेला. तो मी कधी कुणाला शिकवला नाही. तुला शिकवीन." माझा हात थांबला.

ती पुढची खेप आली नाही. आबांच्या छातीत पाणी झालं, बहिणीनं त्यांना दवाखान्यात हलवलं. मुलीची परीक्षा तोंडावर आलेली. बायकोनं आणि मी एकमेकांकडे बघितलं, फार बोलावंही लागलं नाही.

"आबांचं वायफाय बिघडलंय," मी मुलीला सांगितलं. "माणूस येणार आहे दुरुस्तीला."

किती सहज आलं ते तोंडात!

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेतून येताना बसमध्ये तिनं आबांना साधा फोन लावला. तो माझ्या बहिणीनं उचलला. "अगं, आबा आयसीयूत आहेत. तुला सांगितलं नाही कुणी?"

ती घरी आली, बूट न काढता माझ्यासमोर उभी राहिली आणि जर्मनमध्ये बोलायला लागली. दुखावली की तिचं मराठी संपतं. तू माझ्याशी खोटं बोललास. ते तिकडे पडलेत आणि मी इकडे वायफायवाल्याची वाट बघतेय. मग एकदम मराठीत, "आजीच्या वेळेला आबांनी तुला असंच केलं ना? तू आत्ताही त्यांना माफ केलं नाहीस."

"परीक्षा होती गं तुझी..."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, ती म्हणाली. "तुझंही तेव्हा काहीतरी असेलच."

इतकी वर्षं न बोललेलं त्या क्षणी बोललो. आई गेली त्याच्या थोडं आधी एका रविवारी आबा बाहेर गेले होते आणि फोन आईनं उचलला होता. दोन शब्दांमध्ये तिला दम लागत होता. तिनं विचारलं, "येतोस का रे?" मी म्हणालो, "आई, कामाची घाई आहे गं. दिवाळीत बघतो." ती म्हणाली, "बरं." मी हे ना बायकोला सांगितलं, ना बहिणीला. आबांनी मला फसवलं, हे खरंच. पण मला कळलं होतं. त्यांच्या अर्ध्या बातमीवर मी विश्वास ठेवला, कारण तेवढीच मला हवी होती. मागं न बघण्याला ते पराक्रम म्हणत होते, म्हणून मीही तसंच म्हणत राहिलो.

मुलगी ऐकत होती. मला वाटलं, जवळ येईल. आली नाही. "मला आबांशी बोलायचंय," एवढंच म्हणाली.

बहिणीनं फोन आबांसमोर धरला. तोंडावर मास्क, डोळे उघडे. मुलीनं पुस्तक घेतलं, फोन घेतला आणि स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतलं. मी बाहेर उभा. ती शेवटचा भाग त्यांना वाचून दाखवत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "बोट का हलवताय? चुकलं? घशातून काढला?" मग तोच शब्द तिनं पुन्हा म्हटला, नीट. द्वारपालाचा प्रश्न आला तिथं तिचा आवाज हलला.

जेवायला बाहेर आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्याच्यापुढं मला सगळं सांगायचं. वाईटसुद्धा. लगेच."

सकाळी कॉफी करत होतो तेव्हा बहिणीचा फोन आला. "दादा, व्हेंटिलेटरवर घेतलंय. डॉक्टर म्हणाले, यायचं असेल तर निघा."

"निघतो," मी म्हणालो. या वेळी काम कुठलं आहे ते आठवलंसुद्धा नाही.

बायकोनं माझा दंड धरला. "दहाला परीक्षा आहे तिची. दुपारी सांग ना, अरे. चार तासांनी काय बिघडतंय?" तिचं चुकत होतं असं नाही. आबांनीही हेच म्हटलं असतं.

मुलीच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू येत होतं. ती उजळणी करत होती. मी दार वाजवलं. पुटपुटणं थांबलं.

"आबा?" तिनं आतूनच विचारलं.

"हो," मी म्हणालो, "दार उघड." तिनं उघडलं, आणि मी बहिणीचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं तिला सांगितलं.