चमचाभर विरजण आणि पडलेले तेरा भाग

आमच्या ह्यांची मालिका सपशेल पडली होती.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, तर मीच सांगून टाकते. म्हणजे कुणाला हळू आवाजात बोलायला नको.

तुम्ही त्यांना 'विरजणवाले नाना' म्हणून ओळखता. त्या गाजलेल्या विनोदी मालिकेत ते शेजाऱ्यांच्या दारात वाटी घेऊन यायचे.

"वहिनी, चमचाभर विरजण द्या. उद्या परत करतो."

एवढाच सीन. दोन मिनिटं. आत कधी आले नाहीत, विरजण कधी परत केलं नाही. लोक त्या दोन मिनिटांची वाट बघायचे.

मग चॅनेलवाल्यांनी नानांचीच वेगळी मालिका काढली. हिरो आमचे हे! मी पैठणला जाऊन नाथांना साकडं घातलं.

पहिला भाग लागला. नानांना स्वतःचं घर, सोफा, मोठा फ्रिज. फ्रिजमधी पातेलंभर दही.

मी म्हटलं, "अहो, घरात एवढं दही असल्यावर हा माणूस कुणाच्या दारात कशाला जाईल?"

"तुला काय कळतंय ॲक्टिंगमधलं?"

"ॲक्टिंगमधलं नाय कळत. दह्यातलं कळतं."

तेराव्या भागाला मालिका बंद.

हे मुंबईहून गावी, हर्सूलला आले ते घराबाहेरच पडेनात. "माझ्यामुळं पडली," एवढंच म्हणायचे. जुन्या मालिकेवाल्यांनी परत बोलावलं, तर नको म्हणाले.

महिना गेला.

एका संध्याकाळी मी घरातलं सगळं दही कढीत घातलं. चमचाभरसुद्धा मागं ठेवलं नाही. उभ्या संसारात असं कधी केलं नव्हतं.

"दूध कोमट झालंय. भाभींकडून विरजण आणा."

"मी नाय जाणार."

"मग दूध नासंल. पाप तुमच्या डोक्यावर."

गेले. वाटी घेऊन शेजारच्या शबानाभाभींच्या दारात नुसते उभे. मी खिडकीतून बघत होते.

भाभी म्हणाल्या, "अय भाईसाब, चुप क्यूं खडे? डायलॉग बोलो, तबीच दही मिलेंगा."

ह्यांनी गल्लीत इकडंतिकडं बघितलं.

मग हळूच मान वाकडी केली. वाटी पुढं केली. "वहिनी, चमचाभर विरजण द्या..."

भाभी हसता हसता दाराला टेकल्या. सगळी गल्ली गोळा झाली.

घरी येऊन वाटी माझ्या हातात दिली न् म्हणाले, "बॅग भर. दोन मिनिटं तर दोन मिनिटं."

शेवटपर्यंत काम केलं त्यांनी. नाथांनी मालिका नाय चालवली, पण माणूस उठवला. माझी तक्रार नाय.

त्या वाटीतलं विरजण मी मोडू दिलेलं नाही. आजही आमचं दही त्याचंच लागतं. सकाळी ह्यांच्या फोटोपुढं तेच ठेवलं. अहो, पाया पडते.

आता तुम्हा सगळ्यांकडं एक काम आहे.

ते पडलेले तेरा भाग कुठंच सापडत नाहीत. कुणाकडं एखादा जरी रेकॉर्ड केलेला असंल, तर उलट टपाली कळवा. म्हणजे इथंच खाली लिहा.

गाजलेल्या मालिकेत ते दोन मिनिटं येतात न् दारातूनच जातात.

पडलेल्या मालिकेत अर्धा तास घरात असतात.