थोर अल्बमच्या माझ्या कसोट्या

थोर अल्बम कोणता, हे मी छातीठोकपणे सांगायचो. आता सांगता येत नाही, आणि का येत नाही हेही धड उमगत नाही.

आमच्या रायपूरच्या मराठी मंडळात दर महिन्याला एक जण आपला आवडता अल्बम वाजवतो आणि त्यावर बोलतो. या रविवारी माझी पाळी होती. मंडळात माझ्या कानाचा दबदबा आहे, कारण इतरांच्या आवडी मी बिनदिक्कत मोडीत काढतो. माझ्या कसोट्या ठरलेल्या. एकही गाणं वगळून पुढे जावंसं वाटता कामा नये. क्रम बदलला तर सगळं विस्कटायला हवं. एक गाणं असं हवं की ते तिथे शोभत नाही, पण काढलं तर बाकीची पोरकी होतात. आणि करणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळलेलं असावं. चांगली गाणी एकत्र केली म्हणजे अल्बम होत नाही, त्याला भेळ म्हणतात, असं मी लोकांना तोंडावर सुनावलं आहे.

या सगळ्या कसोट्यांना उतरलेला अल्बम मला आयुष्यात एकच भेटला, घरातली एक जुनी कॅसेट. वरचा कागद कधीच गहाळ झालेला, कॅसेटवर शाईने फक्त ‘मराठी’ लिहिलेलं. पहिल्या बाजूला पाच भावगीतं आणि सहावं एकदम छत्तीसगढी, मांदर ढोलाच्या तालावर मोकळ्या गळ्याने गायलेलं. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं तर शेवटच्या कडव्यात, ओळीच्या मध्येच थांबतं. काय ती हिंमत! गायक वेगवेगळे होते, पण तेही मला वैभवच वाटायचं. घरात मराठी आणि पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, छत्तीसगढी ऐकत वाढलेल्या मला दोन्ही एका कॅसेटमध्ये कशी, हा प्रश्न कधी पडलाच नाही. पुण्याच्या माणसाला पहिल्याच दिवशी पडला असता.

भाषणात संगीतकाराचं नाव तरी घ्यायला हवं, म्हणून शनिवारी मुलीला फोनवर शोधायला बसवलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

“पापा, ये सब अलग-अलग जगह के गाने हैं. ऐसा कोई एल्बम है ही नहीं.”

मी चिडलो. नीट शोध म्हणालो. तिने निमूटपणे फोन माझ्या हातात दिला. अर्धा तास मीही शोधलं आणि शेवटी ताईला फोन लावला. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, मी शाळेत असतानाच लग्न होऊन जबलपूरला गेली.

“कायचा अल्बम?” ताई हसायलाच लागली. “अरे, ते मी भरून आणलं होतं गोल बाजारातून.”

तेव्हा दुकानात गाण्यांची यादी दिली की कोऱ्या कॅसेटवर भरून मिळायची. हे मला माहीत होतं. आपल्या घरच्या कॅसेटबाबत ते डोक्यात आलं नव्हतं, एवढंच.

“पण क्रम? क्रम काय विचार करून लावला होता?”

“कसला विचार? आठवली तशी लिहिली. आई घाई करून राहिली होती, तिले भांडी पाहायची होती.”

“आणि ते छत्तीसगढी?”

“ते त्या दुकानातल्या भैयानं घुसवलं. म्हणे, दीदी, सुनना, बढिया है. मी मोजून गाणी दिली होती बापा! त्याच्या एका गाण्यापायी माझं शेवटचं बसलंच नाही, अर्ध्यात तुटलं. त्याच गाण्यासाठी तर सारी कॅसेट भरवली होती मी.”

“मग घेऊन काहून नाही गेली?”

“बिघडलेली कॅसेट सासरी काय न्यायची? आणि तुले आवडत होती हे मले कुठं माहीत? मले वाटे, तुले गाण्यातलं काही समजत नाही.”

मुलीच्या फोनवर ते गाणं पूर्ण होतं. मी न ऐकताच ताईला पाठवून दिलं. ऐकायची हिंमत झाली नाही, हे कबूल करतो.

रविवारी मंडळात मी कॅसेटच वाजवली. कसोट्यांबद्दल एक अक्षर बोललो नाही, ही माझ्या बहिणीने भरून घेतलेली कॅसेट आहे एवढंच सांगितलं. लोकांना आवडली. छत्तीसगढी गाण्यावर दोघांनी मान डोलावली. शेवटचं गाणं तुटलं तेव्हा सगळे थोडा वेळ तसेच बसून राहिले. माझी कसोटी पुरी झाली होती, आणि मला मात्र लाज वाटत होती. माझ्या बहिणीच्या हिरमोडाला मी आयुष्यभर कला म्हणत आलो होतो. पण मग ही सगळी माणसं गप्प कशाने झाली होती?

संध्याकाळी ताईचा फोन आला.

“ऐकलं रे ते गाणं, पूर्ण.”

“कसं वाटलं?”

“शेवट काही एवढा खास नाही. तुटलेलंच बरं होतं.”

ताई खरं बोलत होती की माझी समजूत काढत होती, हे मला कळलं नाही. तिला विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.