रिकाम्या राहिलेल्या सात सीटा

रत्नमाला साकोली डेपोत कंडक्टर आहे. सानगडीपासून जवळच आमचं गाव, त्या गावची ती सून. मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. पुढे जे सांगणार आहे त्यात माझाही थोडा हात आहे, म्हणून ते मीच सांगितलेलं बरं.

दोन हजार तीन सालचा डिसेंबर. भंडारा जिल्ह्याचे दोन होऊन चार वर्षं झाली होती. रत्नमालाचे थोरले दीर खुशाल तेव्हा जवाहरनगरच्या फॅक्टरीत पक्क्या नोकरीवर होते आणि क्वार्टरमध्ये राहत होते. त्यांची बायको ललिताबाई, मुलगी पौर्णिमा तेरा वर्षांची. रत्नमालाचा नवरा अनुप गावात दोन एकर धानावर आणि दुसऱ्यांच्या मजुरीवर घर चालवायचा. दोन मुलं, तृप्ती सात वर्षांची आणि सुगत चार वर्षांचा.

नाताळच्या आधी खुशालचा निरोप आला, "पोरायले घेऊन ये. सुट्टीत रावणवाडीच्या धरणावर सहलीले जाऊन राहिलो." अनुपचं चुरणं, म्हणजे धानाची मळणी, चालू होतं, त्याला खळं सोडता येईना. रत्नमाला एकटीच मुलांना घेऊन एसटीनं गेली. तृप्तीनं धरण कधी पाहिलं नव्हतं. ती रस्ताभर विचारत होती की धरण तलावापेक्षा केवढं मोठं असतं.

पंचवीस तारखेला पहाटेपासून रत्नमालानं पंधरा माणसांच्या पुऱ्या लाटल्या आणि तळल्या. बटाट्याची भाजी केली, वांग्याची केली, टोमॅटोची चटणी वाटली. नऊच्या सुमारास भाड्याची ट्रॅक्स जीप दारात आली. शेजारच्या क्वार्टरमधल्या दोन घरची माणसंही सोबत होती. तृप्ती सगळ्यांच्या आधी चढून खिडकीजवळ बसली. अंगात लाल स्वेटर, केसांना नवीन रिबिनी.

ललिताबाईनं माणसं मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाली, "रत्नमाला, तू राह्य. घराले कोणीतरी पाह्यजे ना. अन् पोट्टे तुह्याजवळच बरे राहतीन."

रत्नमालाला वाटलं, थट्टा आहे. तेवढ्यात खुशालनं गाडीत वाकून तृप्तीच्या काखांत हात घातले, तिला उचललं आणि खाली फाटकाजवळ ठेवलं. तोंडातून एक शब्द काढला नाही. पौर्णिमा आतून म्हणाली, "आई, तिले माह्या मांडीवर बसू दे ना."

"तू गप बस," ललिताबाई म्हणाली. गाडी गेली.

तृप्ती रडली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "माय, माहं वजन जास्त हाये काय?"

संध्याकाळी मंडळी परतली. धरणावरून आणलेली खरकटी भांडी ललिताबाईनं नळाखाली ठेवली आणि म्हणाली, "तेवढे घासून टाक, मी थकली आज." रत्नमालानं भांड्यांना हात लावला नाही, पण भांडलीही नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं मुलांना घेऊन ती गावी परत आली.

पुढे एकदा मी तिला विचारलं, "तेव्हाच का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "बोलली असती तर भांडण झालं असतं गुरुजी, अन् भांडण झालं का मिटते. मले मिटवाचं नव्हतं."

तिनं अनुपलाही काही सांगितलं नाही. तृप्तीला मात्र दर डिसेंबरात एकदा आठवण करून द्यायची. "तुले कोणी उतरवलं होतं?" असं विचारायची. पोरगी उत्तर द्यायची, जसं शाळेत पाढे म्हणतात तसं.

रत्नमाला दहावी पास होती. महामंडळात बायकांची कंडक्टर म्हणून भरती होते हे तिनं कुठंतरी वाचलं आणि माझ्याकडे फॉर्म भरून घ्यायला आली. लोक हसले. बाई माणूस, खांद्यावर बॅग अडकवून गर्दीत तिकिटं कशी फाडणार? तिनं परीक्षा दिली, बिल्ला मिळवला आणि दोन हजार सहा साली साकोली-लाखांदूर गाडीवर उभी राहिली. दुसरी एखादी नोकरी का नाही पाहिली, असं मी विचारलं नव्हतं, पण तिनं आपणहून सांगितलं. "गाडीत कोण बसन अन् कोण उतरन, हे मले माह्या हातात पाह्यजे होतं."

नोकरीत कायम झाल्यावर पहिल्याच नाताळाला तिनं प्रासंगिक करारावर अख्खी एसटी घेतली, जशी लोक लग्नाच्या वऱ्हाडाला घेतात. गावातल्या सगळ्या पोरांना घेऊन गेली. बौद्धांची, कुणब्यांची, ढिवरांची, कोणाचंही पोर असो. पुढे दर वर्षी हा नेमच झाला. कधी आंबागडचा किल्ला, कधी चांदपूरचा तलाव, कधी पवनी. डिसेंबरात जन्मलेल्या सगळ्या पोरांचा वाढदिवस त्याच दिवशी एकत्र व्हायचा, झाडाखाली सतरंजी टाकून एकच मोठा केक. मुलांची यादी मी करायचो. तृप्ती दर वर्षी खिडकीत बसायची.

लोकांना वाटायचं, बाईचं मन मोठं आहे. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा जानेवारीत तिनं माझ्याकडून एका पाकिटावर पत्ता लिहून घेतला, जवाहरनगर, क्वार्टर नंबर अमुक. आत सहलीचा फोटो होता. बस, बसपुढे साठ पोरं, आणि खिडकीतून तोंड काढलेली तृप्ती. चिठ्ठी नव्हती.

"काहून पाठवतेस?" मी विचारलं.

"पाहू दे तिले," ती म्हणाली आणि मग मला जीपची सगळी गोष्ट सांगितली.

दर वर्षी एक, असे नऊ फोटो गेले.

दोन हजार सतरा साली खुशाल निवृत्त झाले. गावात वडिलांच्या जागेवर त्यांनी स्लॅबचं घर बांधलं आणि दिवाळीनंतर दोघं राहायला आले. ललिताबाईनं पहिल्याच आठवड्यात आल्यागेल्याला अल्बम दाखवला. त्यात ते नऊच्या नऊ फोटो ओळीनं लावलेले होते. "आमच्या रत्नमालानं पाहा कसं नाव काढलं," असं म्हणायची. हे रत्नमालाच्या कानावर आलं. तिला वाटत होतं, ते फोटो त्या घरात काट्यासारखे रुतत असतील. तिथं तर त्यांची शोभा झाली होती.

डिसेंबर लागला. मी यादी करायला बसलो. पौर्णिमा आता नागपूरला दिली होती, तिची श्रावस्ती पाच वर्षांची. नाताळच्या सुट्टीत मायलेकी आजोळी येणार होत्या. मी श्रावस्तीचं नाव लिहू लागलो तशी रत्नमाला म्हणाली, "त्या घरचं नाव लिहू नोका."

"अवो, लेकरू आहे ते."

"माहंही लेकरूच होतं."

मी नाव लिहिलं नाही. हाच माझा हात. मास्तर म्हणून दोन शब्द बोलता आले असते, ते मी बोललो नाही.

पंचवीस तारखेला सकाळी बस विहारासमोर लागली. थंडी होती, पोरं कानटोप्या घालून आली होती. आधी पवनी, मग गोसे धरण असा बेत होता. यादीप्रमाणे मुलं चढली. त्या वर्षी तीन-चार घरची माणसं लग्नाला बाहेरगावी गेली होती, म्हणून मागच्या सात सीटा रिकाम्या राहिल्या. तृप्ती एकवीस वर्षांची झाली होती, भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होती. सुट्टीत आली होती, पोरं मोजायचं काम तिच्याकडे होतं.

तेवढ्यात ललिताबाई आली, हातात डबा. मागून पौर्णिमा आणि श्रावस्ती. श्रावस्तीला कोणी सांगायच्या आधीच ती पायऱ्या चढून गेली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर दोन पोरींच्या मध्ये बसली.

रत्नमाला दारात उभी होती. तिनं दांडीला हात लावला आणि म्हणाली, "बाई, तुमी राहा. जागा नाही."

ललिताबाई हसली. "अवं, मागं सीटा रिकाम्या दिसतेत ना."

"त्या रिकाम्याच राहतीन."

ललिताबाईचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "काय झालं तुले? मी काय केलं?"

"रावणवाडीले गेलते तुमी. दोन हजार तीनमधी. पंधरा जणायच्या पुऱ्या मी तळल्या होत्या."

ललिताबाईनं आठवायचा प्रयत्न केला. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिला खरंच आठवेना. "अवं, कितीदा गेलो आमी रावणवाडीले," ती म्हणाली, "कोणत्या वेळचं बोलून राहिली तू?"

रत्नमालाचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी नंतर कधी पाहिला नाही. चौदा वर्षं जे तिनं रोज सांभाळलं, ते समोरच्या बाईनं सांडून दिलं होतं, कुठं सांडलं तेही तिला ठाऊक नव्हतं.

"माह्या नातीले तरी ने मंग," ललिताबाई म्हणाली.

रत्नमालाचा हात दांडीवरच होता. तिनं मला नंतर शपथेवर सांगितलं की पोरीचं तिनं काही ठरवलं नव्हतं. घरचं नाव लिहू नका म्हणाली खरी, पण पोरगी येऊन बसलीच तर काय, हे मनात आणलं नव्हतं. ती उत्तर शोधत होती, तेवढ्यात तृप्ती उठली. तिनं श्रावस्तीच्या काखांत हात घातले, उचललं, दारापर्यंत आणलं आणि खाली पौर्णिमापाशी उभं केलं. सगळं शांतपणे.

पौर्णिमा तृप्तीकडे पाहत म्हणाली, "मी म्हटलं होतं त्या दिवशी. मांडीवर बसवतो म्हणून."

"मले आठवते ताई," तृप्ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

रत्नमालानं घंटीची दोरी दोनदा ओढली. बस निघाली.

तो दिवस वाईट गेला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पवनीला पोरं स्तूपाभोवती पळापळी खेळली. धरणावर केक कापला, चौघा पोरांचा वाढदिवस होता. रत्नमाला पोटभर जेवली. "इतकं गोड जेवण मले लागलं नव्हतं कधी," असं तिनं स्वतः सांगितलं. फोटोही काढला. पाठवायला मात्र आता पत्ता नव्हता, ते घर तिच्या घरापासून चार घरं सोडून होतं.

दुसऱ्या दिवशी खुशाल तिच्या अंगणात आले. अनुपनं खाट टाकली, चहा दिला. खुशालनं चहा संपवला, कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तिले आठवत नाही. मले आठवते. मीच उचललं होतं तृप्तीले."

"मंग चौदा वर्षं कायले थांबले?" रत्नमालानं विचारलं.

"काय सांगू."

ते उठून गेले. त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तर आपण दिली नसती, असं रत्नमाला म्हणते. मागितलीच नाही याचाही तिला राग आहे.

अनुपला हे सगळं त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो बायकोला एवढंच म्हणाला, "मले तेव्हाच सांगतली असती तर मी तिथंच जाऊन भावाले दोन शब्द बोललो असतो. तू माह्या वाट्याचा रागही घेऊन बसली."

तिला खरं टोचलं ते वेगळंच. ललिताबाईचं तिला काही वाटत नव्हतं. पौर्णिमाचं वाटत होतं. त्या घरात एकाच माणसानं तिच्या पोरीसाठी तोंड उघडलं होतं आणि शिक्षा नेमकी त्याच माणसाच्या पदरात पडली होती. जानेवारीच्या शेवटी सुट्टी काढून ती नागपूरला पौर्णिमाच्या घरी गेली. पौर्णिमानं पाणी दिलं, जेवायला वाढलं, सासूबाईंशी ओळख करून दिली. श्रावस्ती दाराआडून पाहत होती, जवळ आली नाही.

निघताना पौर्णिमा फाटकापर्यंत आली. "काकू, तुमचा राग खोटा नाही," ती म्हणाली. "पण ही आता स्कूलबसमधी चढत नाही. मी सोडून देतो रोज गाडीवर."

रत्नमाला स्टँडकडे चालू लागली. पौर्णिमा पुन्हा या म्हणाली नाही.

घरी येऊन रत्नमालानं तृप्तीला सांगितलं. तृप्ती पुस्तक मिटून म्हणाली, "तूच तर शिकवलं मले. दर वर्षी विचारत होती, कोणी उतरवलं म्हणून." तिच्या बोलण्यात राग नव्हता. रत्नमालानं तेव्हापासून तो प्रश्न विचारणं सोडलं, पण आता विचारायची गरजच उरली नव्हती.

सहल अजून निघते. यादी नवे मास्तर करतात. पौर्णिमा नाताळात गावाला येत नाही, उन्हाळ्यात येते. मी रत्नमालाला गेल्या वर्षी विचारलं, पुन्हा तसं करशील का? ती म्हणाली, "त्या लेकराले नाही. ललिताले? उद्याच्या उद्या."

ललिताबाईचंही आता ठरलेलं आहे. तिला दर सोमवारी दवाखान्यासाठी साकोलीला जावं लागतं. फाट्यावर ती उभी असते, शाल डोक्यावरून घेऊन. रत्नमालाची गाडी असली की ती चढत नाही, मागच्या गाडीसाठी तासभर थंडीत थांबते. रत्नमाला मात्र दर वेळी गाडी थांबवायला लावते, दार उघडते आणि पायरीवर उभी राहते. ललिताबाई रस्त्याच्या पलीकडे धानाच्या बांध्यांकडे तोंड करते. ड्रायव्हर कुरकुरतो, पॅसेंजर घड्याळ पाहतात.

"थांबा हाये," रत्नमाला म्हणते, "गाडी थांबवाच लागते."

मग ती दार लावते.